घरातले लेझर: टेबल कसले, माल कुठे?

टेंभुर्णी, भिगवण, इंदापूर, करमाळा या उजनीच्या आसपासच्या बाजारगावांत लग्नसराई आली की नावाच्या पाट्या, रुखवताच्या वस्तू, वाणाच्या डब्या आणि शाळेची सन्मानचिन्हे यांची मागणी वाढते. लाकडाच्या किंवा ॲक्रिलिकच्या शीटमधून अक्षरे आणि जाळी कापणारे लेझर यंत्र पूर्वी शहरातल्या दुकानातच असायचे. आता ते ऑनलाइन मागवता येते, खोक्यातून घरी येते आणि मोबाइलवरचे चार व्हिडिओ पाहून चालूही करता येते. शेतीला जोडधंदा म्हणून पाणफुगवट्याच्या गावातल्या एखाद्या तरुणाला ते घ्यावेसे वाटले, तर त्यात वावगे काही नाही.

अडचण पुढेच येते. कोणते यंत्र घ्यायचे याची चौकशी महिनाभर चालते. ते ठेवायचे कशावर आणि कापायच्या शीट ठेवायच्या कुठे, हे मात्र यंत्र दारात उतरल्यावर पाच मिनिटांत ठरते. माळ्यावरचे जुने लाकडी टेबल खाली येते, त्यावर यंत्र चढते, आणि टेबलाखालच्या मोकळ्या जागेत शीटचा गठ्ठा सरकवला जातो. घरातल्या माणसांचे डोळे, त्यांची फुप्फुसे आणि खुद्द घर यांचा विचार केला, तर यंत्राच्या निवडीपेक्षा ही पाच मिनिटे जास्त महत्त्वाची आहेत.

या यंत्राचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. कापण्यासाठी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ साली अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये तयार झाला. तो करणारे चंद्रकुमार नारणभाई पटेल यांचा जन्म १९३८ सालचा, बारामतीचा. म्हणजे इंदापूरच्या शेजारच्याच तालुक्यातला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते स्टॅनफर्डला गेले. पुढे १९९६ साली त्यांना अमेरिकेचे राष्ट्रीय विज्ञान पदक मिळाले. त्यांच्या लेझरचा किरण डोळ्यांना दिसत नाही आणि पाण्यात चटकन शोषला जातो. शरीराच्या मऊ भागात पाणीच जास्त असल्याने शस्त्रक्रियेतही तो उपयोगी पडतो. लाकूड, कागद, कातडे, ॲक्रिलिक हेही त्याला शोषून घेतात आणि कापले जातात. घरी येणाऱ्या यंत्रांचा दुसरा प्रकार डायोडचा. त्याचा किरण निळा, दिसणारा. यंत्र बहुधा उघड्या चौकटीचे आणि स्वस्त. दोघांची टेबले वेगळी लागतात. पण त्याआधी मालाचे पाहू, कारण खरा धोका तिथे आहे.

लेझर करवतीसारखा कापत नाही. तो रेषेतला माल जाळून, वाफ करून नाहीसा करतो, आणि नाहीसे झालेले ते सगळे हवेत गेलेले असते. तीन मिलिमीटर जाडीच्या शीटवर दहा मीटर लांबीची कापणी झाली आणि चीर मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतकी रुंद धरली, तर सहा घन सेंटिमीटर मालाचा धूर होतो. म्हणजे चहाचा चमचा भरून थोडे वर. बारीक जाळीच्या कामात दहा मीटर सहज होतात. तेव्हा रॅकमध्ये जे ठेवले असेल, तेच थोड्या वेळाने घरातली माणसे श्वासातून घेणार असतात.

एमडीएफ म्हणजे लाकडाचा भुसा आणि डिंक. हा डिंक बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइडचा असतो. जळताना त्यातून फॉर्मल्डिहाइड सुटते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. एखादी पाटी कापली म्हणून कर्करोग होत नाही. प्रश्न रोजच्या कामाचा आणि बंद खोलीचा आहे. ॲक्रिलिकची वाफ गोडसर, तीव्र वासाची असते, डोके दुखवते, आणि दमा असलेल्याला धाप लावते. हे दोन्ही धूर बाहेर काढायची चांगली सोय असेल तर सांभाळता येतात.

पीव्हीसीचे तसे नाही. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त, सुमारे ५७ टक्के, क्लोरीन असते. जळाले की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो आणि ओलसर डोळ्यांत, नाकात, श्वासनलिकेत त्याचे आम्ल होते. वर काढलेला चमचाभर मालाचा हिशोब पीव्हीसीच्या हलक्या फोमशीटला लावला, तर दहा बाय दहाच्या बंद खोलीत हा वायू दर दशलक्ष भागांत तीसच्या आसपास जातो. कारखान्यातल्या हवेसाठी पाच ही कमाल मर्यादा धरतात. यंत्राच्या लोखंडी दांड्याही त्याने गंजतात. खिडकीजवळच्या नव्या बिजागऱ्या अकारण गंजू लागल्या, तर घरात काय कापले जाते आहे याची चौकशी करावी.

पीव्हीसी असे नाव घेऊन कोणी घरात आणत नाही, हीच खरी गोम आहे. फ्लेक्स, व्हिनाइल स्टिकर, सनबोर्ड आणि ॲक्रिलिक एकाच दुकानात मिळतात आणि एकाच गठ्ठ्यात बांधून येतात. सनबोर्ड किंवा फोमशीट म्हणून मिळणारा बहुतेक माल पीव्हीसीचा असतो. रेक्झिनही बहुधा तेच. त्याहून फसवा प्रकार म्हणजे डब्ल्यूपीसी. नावात लाकूड आहे, रंग लाकडी आहे, पण आपल्या बाजारातल्या बऱ्याच डब्ल्यूपीसी बोर्डांत मुख्य भाग पीव्हीसीचाच असतो. पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही, असे सांगून तो विकला जातो आणि ते खोटेही नसते. धरणाकाठी राहणाऱ्याला ओल आणि वाळवी हीच तर डोकेदुखी. एमडीएफ फुगतो, प्लायवूडला वाळवी लागते, म्हणून विचारी माणूस डब्ल्यूपीसी घेऊन येतो. स्वयंपाकघराच्या कपाटाला तो ठीक. लेझरखाली मात्र तो कधीच जाता कामा नये.

म्हणून घरच्या लेझरसाठी मालाच्या साठवणीचा पहिला नियम जागेचा नाही, नावाचा आहे. शीट घरात आली की लगेच, कव्हर काढण्याआधी, तिच्यावर पक्क्या शाईच्या पेनाने मालाचे नाव आणि जाडी लिहावी. उरलेल्या प्रत्येक कपट्यावरही लिहावे. पूर्ण शीटला दुकानाचा स्टिकर असतो, गोंधळ नेहमी कपट्यांत होतो. पांढरे ॲक्रिलिक आणि पांढरा सनबोर्ड यांचे वितभर तुकडे एकाच खोक्यात पडले की महिन्याभराने कोणता कोणता, हे आणणाऱ्यालाही सांगता येत नाही. निनावी तुकडा यंत्रात घालायचा नाही. पीव्हीसीचे इतर काम करायचे असेलच, तर तो माल दुसऱ्या खोलीत ठेवावा, त्याच रॅकच्या खालच्या कप्प्यात नव्हे.

शंका आली तर तांब्याच्या तारेची जुनी चाचणी आहे. जाड तार पकडीत धरून ज्योतीत लाल होईपर्यंत तापवावी, ज्योतीला हिरवा रंग दिसेनासा झाला की ती शीटच्या कोपऱ्याला टेकवावी आणि चिकटलेला कण पुन्हा ज्योतीत धरावा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे असे समजून तो माल बाजूला काढावा. हे अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून, कणभर मालावरच करायचे. ज्योत हिरवी झाली नाही म्हणून माल निर्धोक ठरत नाही. एबीएस प्लास्टिक या चाचणीत सुटून जाते, पण जळताना त्यातून सायनाइडचा विषारी वायू निघू शकतो. कातड्याचेही पाहून घ्यावे. क्रोमने कमावलेले कातडे जाळले तर धुरात क्रोमियम येते. कोल्हापुरी चपलेसाठी परंपरेने वापरतात तसे झाडाच्या सालीने कमावलेले कातडे त्या मानाने बरे.

आता जागा. रॅक यंत्राच्या खोलीत नसलेला उत्तम. एकच खोली असेल तर निदान दोन मीटर दूर, आणि दाराच्या वाटेत तर मुळीच नको. यंत्राच्या टेबलाखाली काहीही ठेवायचे नाही. कापताना ठिणगी किंवा जळता तुकडा खाली पडतो, आणि तिथे कागदाच्या कव्हरात गुंडाळलेल्या शीट असल्या तर आगीला सरपणच मिळते. कपटे झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकावेत आणि रोज काम संपल्यावर तो डबा घराबाहेर न्यावा. एमडीएफच्या कडेला आत धुमसणारी धग बाहेरून दिसत नाही.

रॅक जमिनीपासून वीतभर उंच आणि भिंतीपासून चार बोटे दूर असावा. लोखंडी अँगलचा असेल तर उत्तम. ॲक्रिलिकच्या शीट उभ्या खणांत चालतात, पण खण अरुंद हवेत. रुंद खणात शीट कलते आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या घरात तशीच वाकते. तीन मिलिमीटरचा एमडीएफ आणि पातळ प्लाय मात्र आडवे, पूर्ण आधारावर, वर एखादी सपाट फरशी ठेवून साठवावेत. उभे ठेवले की पावसाळ्यात पोट काढतात.

शीट जराशी वाकली तर काय मोठेसे, असे वाटेल. पण लेझरचा किरण एका ठराविक अंतरावरच टोकदार असतो. शीट मधे दोन मिलिमीटर उचलली गेली की तिथे किरण पसरतो आणि चीर आरपार जात नाही. मग माणूस वेग कमी करतो, शक्ती वाढवतो, त्याच रेषेवरून पुन्हा फिरवतो. तिथेच माल जास्त जळतो, धूर दुप्पट होतो आणि ज्योत धरते. अशा आगीचे मूळ पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या शीटमध्ये असू शकते.

वाळवीबद्दल एक गोष्ट शेतकरी घरांना मुद्दाम सांगायला हवी. घरात कीटकनाशक असतेच, आणि बोर्डाला वाळवी दिसली की तेच मारले जाते. क्लोरपायरीफॉससारखे औषध फवारलेली शीट लेझरखाली गेली, तर तेही जाळून हवेत सोडल्यासारखे होते. फवारायचेच असेल तर रॅकच्या पायांभोवती जमिनीला, मालाला नाही. आणि औषधाच्या बाटल्या, खताच्या गोण्या, कडबा यांच्या सोबतीला हे यंत्र नको. गोठ्यालगतची पडवी मोकळी दिसते खरी, पण कडब्याशेजारी लेझर ठेवणे म्हणजे गंजीशेजारी चूल मांडणे.

टेबलाचे उत्तर या भागात सोपे आणि स्वस्त आहे. सोलापूर जिल्ह्यात घरोघरी असलेली शहाबादी फरशी किंवा कडप्पा हा लेझरच्या टेबलाचा उत्तम माथा. जळत नाही, डगमगत नाही, जड असतो. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलची चौकट करून घ्यावी, खाली आडव्या पट्ट्या द्यायला सांगाव्यात आणि फरशी नुसती ठेवून न देता कडेच्या अँगलमध्ये बसवावी. माथ्याचा सपाटपणा गवंड्याच्या पाणसळीने पाहावा. प्लास्टिकचे टेबल, घडीचे टेबल, सनमायकाचे जुने डेस्क यांना रजा द्यावी. डायोडचा किरण शीट कापून खाली जातो आणि खालचे लाकूडही कोरतो. त्या यंत्राखाली जाळीचा लोखंडी ताट आणि त्याखाली पत्रा हवाच, फरशी असली तरी. यंत्राच्या दोन्ही बाजूंना वीतभर आणि मागे हातभर जागा सुटेल एवढा माथा मोठा असावा. मागे धुराचा पाइप वळतो. यंत्र भिंतीला चिकटवले की तो चेपतो.

उंचीचे गणित दोन्ही यंत्रांना वेगळे आहे. कार्बन डायऑक्साइडचे यंत्र बंद पेटीचे असते, त्याचा कामाचा तळ टेबलापासून बराच वर असतो. ते ओट्याच्या उंचीवर ठेवले तर झाकण उघडून आत पाहताना खांदे उचलावे लागतात आणि मान आखडते. त्याला ७० ते ७५ सेंटिमीटरचे टेबल पुरते. उघड्या डायोडचे मात्र उलटे. तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटिमीटर असते आणि डोळे त्याच्या दहाएक सेंटिमीटर खाली. म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या टेबलावर चाललेला निळा ठिपका त्या मुलाच्या बरोबर नजरेसमोर येतो. मूल तो पाहायला येणारच. निळा, चमचमणारा, आवाज करणारा.

या निळ्या प्रकाशाला डोळ्याची भिंगे अडवत नाहीत. ती त्याला दृष्टिपटलावर आणखी एकवटतात. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो आणि थेट किंवा चकाकत्या वस्तूवरून परतलेला किरण असेल तर इजा त्याआधीच होते. दुखत नाही, म्हणून कळत नाही. नंतर वाचताना मधेच अक्षर गायब होते. दुसऱ्या लेझरचा अदृश्य किरण डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यालाच भाजतो, तो प्रचंड दुखतो. म्हणून उघडा डायोड घेतलाच, तर त्याला रंगीत ॲक्रिलिकची खास पेटी आणि टेबल किमान ९० सेंटिमीटर उंच, हे दोन्ही. चष्म्यावर ४५० नॅनोमीटर ही तरंगलांबी आणि ओडी ५ किंवा जास्त असे छापलेले हवे. उन्हाचा गॉगल आणि वेल्डिंगची काच चालत नाही. खोलीला आतून कडी लावता यावी.

धूर ओढणारा पंखा पाइपच्या बाहेरच्या टोकाला बसवावा. तो यंत्राजवळ असला तर पुढच्या पाइपात धूर दाबाने जातो आणि फटीतून खोलीत परत येतो. बाहेरच्या टोकाला असला तर फटीतून हवा आत ओढली जाते. पाइप जितका आखूड आणि सरळ, तितका चांगला. बाहेरचे तोंड छपराच्या वर काढावे, शेजाऱ्याच्या खिडकीकडे किंवा गोठ्याकडे नको. समोरच्या बाजूने ताजी हवा यायला एक खिडकी उघडी लागतेच. छताचा पंखा धूर बाहेर नेत नाही, तो फक्त सगळ्यांना सारखा वाटतो. कापडी मास्क किंवा एन-९५ कण अडवतो, वायू अडवत नाही.

विजेबद्दल दोनच गोष्टी. कार्बन डायऑक्साइडच्या नळीला कित्येक हजार व्होल्ट लागतात आणि तिला गार ठेवणारे पाणी बादलीतून फिरते. ही बादली टेबलावर किंवा बोर्डाच्या वर कधी ठेवू नये; ती खाली, वेगळ्या कोपऱ्यात ठेवावी, आणि बोअरच्या क्षाराच्या पाण्याऐवजी बॅटरीत घालतात तसले शुद्ध पाणी वापरावे. यंत्राला आणि लोखंडी टेबलालाही अर्थिंग हवे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालत राहावे लागते. मुख्य बटण मात्र यंत्रामागे नको, दाराजवळ हवे. आग यंत्रात असताना तिच्यावरून हात घालून बटण शोधायची वेळ येऊ नये. काम चालू असताना वीज गेली तर धुराचा पंखाही थांबतो. अशा वेळी पिन काढावी, ज्योत नाही ना हे काचेतून पाहावे, झाकण तसेच ठेवावे आणि थोडा वेळ बाहेर पडावे.

चालू यंत्र सोडून जेवायला जायचे नाही. ज्योत धरली तर आधी वीज बंद, झाकण बंद. शेजारी कार्बन डायऑक्साइडचे छोटे अग्निशामक नळकांडे असावे. वीज चालू असताना पाणी ओतू नये. भाजले तर त्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नये. दृष्टीत ठिपका दिसू लागला तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जावे.

धूर छातीत गेल्यावर खोकला थांबला म्हणून निश्चिंत राहू नये. हायड्रोजन क्लोराइड जास्त प्रमाणात गेले असेल, तर फुप्फुसात पाणी भरण्याचा त्रास काही तासांनी, कधी रात्री झोपेत सुरू होतो. आडवे पडल्यावर दम लागणे, छाती घट्ट वाटणे, फेसाळ थुंकी येणे असे काही झाले तर १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. जाताना कापत असलेल्या शीटचा कपटा पिशवीत बांधून सोबत न्यावा. त्यावर नाव लिहिलेले असेल, तर उपचाराला सुरुवात करणाऱ्या डॉक्टरचे निम्मे प्रश्न तिथेच सुटतात.